बापाचा दाखला

दम्माम,
१२ डिसेंबर १९९९

संघर्ष,

पहिलं हे सांग, माझ्या बापाला विचारलं होतंस का? नाव छापायच्या आधी एकदा तरी गुऱ्हाळावर जाऊन "चाचा, तुमचं नाव घालू का" असं तोंडानं विचारलंस का? मी तुला मागंच लिहिलं होतं, तुझ्या संघटनेच्या भानगडीत आमचं घर ओढू नको. तू 'बरं' लिहिलंस. आन् आता माझ्या बहिणीनं, निखतनं पेपरचं कात्रण पाठवलंय. मांडवगण फराट्याजवळ नदीकाठच्या गुऱ्हाळावर चौदा वेठबिगार. चौदात पहिलं नाव कुणाचं, तर मेहमूद शेख, राहणार न्हावरे.

तो शब्द मला नीट वाचता आला नाही. सातवीतनं सुटलेला माणूस मी. शेजारच्या खाटेवर नांदेडचा एक जण आहे, त्याला दाखवला. त्यानं वाचला आन् माझ्याकडं बघितलं. "तुझा बाप का रे?" म्हणाला. मी म्हणालो, नाही, सारखं नाव आहे. घे. तुझ्यामुळं मी बाप नाकारला, तेही रोजा धरून.

माझा बाप गुळव्या आहे. पाण्यात हात बुडवून उकळत्या पाकात बोट घालतो आन् सांगतो, अजून दोन उकळ्या. वीस वर्षं एका काहिलीवर. शंकरराव स्वतः मालक असून त्यांना उस्ताद म्हणतो. तुझ्या बापाला, बबनआप्पाला, कुणी उस्ताद म्हणलं का कधी? (रागात लिहितोय, हे आप्पांना वाचून दाखवू नको.)

आन् तू कोण रे सोडवणारा? सणसवाडीच्या कंपनीत तू स्वतः ठेकेदाराकडं. सहा महिने झाले की गेटवरून घरी, आठ दिवसांनी नव्या कार्डावर परत आत. आधी स्वतःला सोडव, मग माझ्या बापाकडं ये.

मला सगळ्याची किळस आलीय. इथं साठ माणसांत दोन संडास, त्यातला एक तुंबलेला. सकाळी विटांवर पाय ठेवत जायचं आन् नाक दाबून दिवस सुरू करायचा. रमजानात अर्धा दिवस काम असतं म्हणे, ते दुसऱ्यांना. आम्ही दिवसभर पाइप उचलतो, घसा चामड्यासारखा होतो. हे सोसतो कशासाठी, तर अब्बांनी दोन म्हशी विकून व्हिसाला पैसे भरले म्हणून. जो माणूस आपल्या दारातल्या म्हशी आपल्या मर्जीनं विकतो, तो कुणाचा बांधलेला असतो का?

पुढच्या महिन्यात घरी मोठा ड्राफ्ट पाठवतोय. कंपनीचा हिशोब वर्षाअखेर होतो म्हणून थांबलंय, अम्मीला तसं सांग.

आन् ते नाव काढ.

अनिस

*

न्हावरे,
२ जानेवारी २०००

अनिस,

ईद आठवड्यावर आलीय, पत्र पोचेपर्यंत होऊन गेलेली असेल, तरी मुबारक.

आप्पांना तुझं पत्र वाचून दाखवलं, कंसातलंसुद्धा. हसले. म्हणाले, "खरंय त्याचं. मी सालानं गडी होतो तवा मालक मला 'ए' म्हणायचा. उस्ताद म्हणला असता तर अजून धा सालं राहिलो असतो."

नाव काढ म्हणालास. आता गरज उरली नाही, चाचांनी स्वतःच काढलं. पण तुला अर्धंच माहीत आहे म्हणून पहिल्यापासून लिहितो.

दिवाळीनंतर म्हाळसा नावाची बाई आमच्या दारात आली. ती आणि तिचा नवरा शंकररावाच्या गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड घालतात. तिची आई वारली होती, तिला गावी जायचं होतं. शंकरराव नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "जा की. पेटी हंगाम संपल्यावर मिळंल." तिथं सगळ्यांच्या कपड्यांच्या पेट्या त्याच्या खोलीत कुलपात असतात, चोरी होऊ नये म्हणून. अंगावर उरतं ते एक लुगडं, पाक आणि काजळी पिऊन पत्र्यासारखं झालेलं. तसल्या लुगड्यात एसटीत कोण चढेल, मयताला कोण जाईल? दाराला कुलूप नाही अनिस, कपड्यांना आहे. ती तशीच चालत आली, माणसं दिसली की उसात शिरत. आईनं तिला आपलं लुगडं दिलं. तिचं जुनं उन्हात टाकलं तर ते पडेना, तसंच उभं राहिलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

चौदा जणांची नावं म्हाळसानं सांगितली. मी विचारलं, "उस्ताद पण?" ती म्हणाली, "त्यांची बी पेटी आतच हाय की." म्हणून चाचांचं नाव पहिलं. त्यांना विचारायला पाहिजे होतं. ती चूक माझी, कबूल.

बावीस तारखेला चौकशीचे साहेब गुऱ्हाळावर आले. काहिलीशेजारी खुर्ची टाकली, शंकरराव किटली घेऊन स्वतः उभा. वयानं मोठे म्हणून पहिल्यांदा चाचांना विचारलं, "तुम्हाला इथं कुणी अडवून ठेवलंय का?" चाचा पाकाकडंच बघत होते. म्हणाले, "सायेब, मी हात काढला तर ही काहील करपंल. मला कोण अडवणार? मी उस्ताद हाय. खुशीनं हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ओळीनं बारा जण, "खुशीनं हाय", "खुशीनं हाय". त्यात म्हाळसाचा नवराही. ती एकटी उलटं बोलली. साहेब म्हणाले, "म्हणजे हे तेरा जण खोटं बोलतायत?" तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्यानं चुलवाणाकडं. फाईल बंद. ती आता आमच्याकडं राहते, नवरा तिकडं.

तुझी इज्जत वाचली. आता दुसरं ऐक. चाचांचे डोळे तू गेलास तेव्हासारखे राहिले नाहीत. चिपाड ओलं असलं की चुलवाणात जुने टायर टाकतात, फाटक्या चपला टाकतात. त्याचा तेलकट धूर. डावा डोळा पांढरा झालाय. रोज्यात चव घेता येत नाही, रंग दिसत नाही, म्हणून सगळा गूळ आता बोटावर. दसऱ्याला शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जाळापासून लांब राहा आणि होळीच्या आसपास ऑपरेशन करा, नाहीतर उजवाही जाईल. शंकरराव म्हणतो, हंगाम झाल्यावर बघू. हंगाम मे महिन्यापर्यंत आहे. दर शुक्रवारी घरी येणारा माणूस, या हंगामात एकदाही आला नाही.

मी पुन्हा अर्ज केलाय. चाचा माझं ऐकत नाहीत, अभिमान आडवा येतो. तुझं ऐकतील. एकदा लिही त्यांना.

काल चाचीकडं गेलो होतो. म्हशीची धार नुकतीच काढलेली, दाट चहा केला. तुझी आठवण काढत बसलो.

संघर्ष

*

दम्माम,
२१ जानेवारी २०००

संघर्ष,

ऐकलंस ना अब्बा काय म्हणाले? उस्ताद हाय, खुशीनं हाय. आता तरी पुरे कर.

डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्याला गुलामीचा अर्ज कशाला लागतो? ड्राफ्ट आला की ऑपरेशन पुण्याला करू, चांगल्या दवाखान्यात. ड्राफ्टला थोडा उशीर होतोय, बँकेचं काहीतरी आहे.

तुम्हा लोकांना तोंड उघडता येत नाही हा दोष तुमचा. इथं सरकारी माणूस कॅम्पात येतो, समोर उभं करून विचारतो. आम्ही बोलतो. पासपोर्ट तेवढा कंपनीच्या कपाटात असतो, हरवू नये म्हणून. बाकी कुणाची जबरदस्ती नाही.

ईदला एक मलबारी दुकान उघडं होतं, तिथं गूळ दिसला. अम्मीच्या हातच्या मालपोव्याची आठवण झाली म्हणून घेतला. खोलीवर येऊन तोंडात टाकला आन् तुझ्या त्या चपला आठवल्या. थुंकून टाकला. नांदेडवाला म्हणाला, "खराब है क्या?" मी म्हणालो, नाही, जास्त गोड आहे. एवढं तू माझं नुकसान केलंस. गूळ खायचा म्हटलं की आता मला रबराचा वास येतो.

तसं इथं सगळ्यालाच वास आहे. शेजारच्या खोलीत बिहारचा मुख्तार आहे, त्याच्या पायावर पाइप पडला त्याला दीड महिना झाला. पाय काळा पडलाय. त्याच्या खोलीतली माणसं त्याच्याकडं तोंड करून झोपत नाहीत. फोरमन येतो, दारातनं बघतो, नाकाला रुमाल लावतो आन् म्हणतो, आराम करो. असो. हे तुला कशाला लिहितोय.

एक गोष्ट मात्र सरळ सांग. तू लिहिलंस म्हशीची धार नुकतीच काढलेली. कुठली म्हैस? मी निघालो त्याच्या आठ दिवस आधी अब्बा म्हणाले होते, दोन्ही म्हशी दौंडच्या बाजारात दिल्या, माणूस महिनाअखेर न्यायला येईल. दोन वर्षं झाली. मग अम्मीनं नवी घेतली का? कशातनं घेतली?

लगेच लिही.

अनिस

*

न्हावरे,
९ फेब्रुवारी २०००

अनिस,

तुला काय सांगितलंय हे मला माहीत नव्हतं, नाहीतर त्या चहाचं लिहिलं नसतं.

नवी नाही. त्याच दोन आहेत, ती शिंग मोडलेली आणि तिची पारडी. तुझं पत्र घेऊन चाचीकडं गेलो. त्या धार काढत होत्या. मी विचारलं, "म्हशी विकल्या नव्हत्या मग व्हिसाचे पैसे कुठले?" त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "त्याला म्हशीचं सांगितलं म्हणून तो गेला तरी. खरं सांगितलं असतं तर गेला असता का?"

खरं असं आहे. पैसे शंकररावानं दिले. तुला मुंबईला घेऊन गेला तो एजंट शंकररावाचा मेव्हणा. चाचांनी थंड काहिलीवर हात ठेवून शब्द दिला, पैसे फिटेपर्यंत दुसऱ्या गुऱ्हाळाची पायरी चढणार नाही, आणि शंकरराव म्हणेल तेव्हाच घरी जाईन. फिटले किती, उरले किती, हे शंकररावाच्या तोंडात. कायद्यानं असली उचल मेलेली असते, एक पैसा द्यायचा नसतो. हे मी चाचांना सांगायला गेलो, शंकरराव शिरूरला गेल्याचं बघून.

उसाच्या मोळ्यांमागं बसलो. मी कायदा सांगितला. ऑपरेशनचं सांगितलं. मग म्हणालो, "चाचा, उस्तादपणा डोळ्यापेक्षा मोठा आहे का?" ते म्हणाले, "तुला वाटतं मी ताठ्यात बोललो?" आणि हसले. मग मला विचारलं, "तुझा जातीचा दाखला काढला तवा काय काय लागलं?"

म्हणालो, शाळेचा दाखला, रेशनकार्ड.

"आन् बबनरावाचा दाखला?"

"लागला."

"मग."

मला कळेना. ते समजावून सांगायला लागले, लहान पोराला सांगतात तसं. "बाप जो, तो पोरगा. सरकारात तसंच चालतं. उद्या सरकारनं मला शिक्का मारून कागद दिला, हा वेठबिगार होता, तर अनिस कोण झाला? वेठबिगाराचा पोर. त्याच्या पासपोर्टावर माझं नाव हाय. हितला कागद तिथं जायला किती येळ? ती अरबी कंपनी असला माणूस ठेवंल का? शंकररावाचा मेव्हणाच म्हणला, तुमच्या नावावर काही आलं तर पोरगं दुसऱ्या दिवशी इमानात." विमानात.

अनिस, मी हसणार होतो. हसू आलं नाही. माझ्या दाखल्यासाठी आप्पा चार वेळा कचेरीत गेले होते, त्यांच्या बापाचा कागद शोधत. बापाचा कागद पोराला लागतो, हे चाचांनी आमच्याच घरात बघितलं. मी किती सांगितलं, हा दाखला तसला नसतो, तो सुटल्याचा असतो. ते म्हणाले, "सुटल्याचा म्हंजी आधी बांधल्याचा झालाच की." आणि मी इतके दिवस समजत होतो अभिमान आडवा येतो.

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंगठा आणि शेजारचं बोट काचेसारखं गुळगुळीत लागलं.

सोळा मार्चला चौकशी आहे. या वेळी कचेरीत, काहिलीशेजारी नाही, प्रत्येकाला वेगळं बोलावून. होळी वीसला. आता तू लिहिल्याशिवाय काही होणार नाही.

संघर्ष

*

दम्माम,
२७ फेब्रुवारी २०००

संघर्ष,

हे पत्र शाकीरच्या हाती देतोय, पोस्टावर भरवसा नाही. दौंडचा आहे, स्टेशनच्या मागं राहतो. त्याची आई गेली, त्यानं चार दिवस अन्न सोडलं तवा कंपनीनं पासपोर्ट कपाटातनं काढला. तो स्वतः न्हावऱ्याला येऊन देईल. त्याला जेवायला घाल.

मी तुला खोटं लिहिलं. सरकारी माणूस कॅम्पात आला होता ते खरं, समोर उभं करून विचारलं ते खरं. आम्ही बोललो ते खोटं.

नोव्हेंबरात आला, लेबर ऑफिसचा. मला हिंदी येते आन् अरबीचे चाळीस-पन्नास शब्द येतात म्हणून पहिला मला उभा केला. फोरमन शेजारी. आदल्या दिवशीच त्यानं मला सांगितलं होतं, तुला पाइपवरनं काढून गाडीवर घेतो. साहेबानं विचारलं, पगार मिळतो का? सहा महिने नव्हता मिळाला, संघर्ष. आता नऊ झाले. ड्राफ्ट कसला आन् बँक कसली. मी म्हणालो, "सब ठीक है साब. कोई शिकायत नहीं." माझ्यामागं चाळीस माणसं उभी होती. त्यांनी एकामागून एक तेच म्हटलं. बाहेर येऊन एक जण माझ्या पायाजवळ थुंकला. मी त्याला शिवी दिली.

मुख्तारचा पाय गेल्या आठवड्यात घोट्याच्या वर कापला. तवा मी तोंड उघडलं असतं तर पाइप हातानं उचलणं थांबलं असतं का, माहीत नाही. पण मी उघडलं नव्हतं. गाडी अजून मिळाली नाही.

स्वतःची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती. तुला शिव्या देत होतो, अब्बांवर फुगून होतो आन् ती छाती कशाची होती, तर खोट्याची.

खालचं अब्बांना वाचून दाखव. नको, निखतला वाचायला लाव. तिचा आवाज ऐकला की ते मधे बोलत नाहीत.

अब्बा, सलाम. म्हशी दारात आहेत हे मला कळलं. बरं झालं, मला त्यांची आठवण यायची. तुम्हाला वाटतं तुमचा कागद माझ्या कागदाला लागेल. इथं तुमचा कागद कुणी बघत नाही. माझाही माझ्याकडं नाही, कपाटात आहे, तुमच्या पेटीसारखा. तुम्ही काहिलीपाशी जे बोललात तेच मी इथं बोललो, तुमच्या महिनाभर आधी, आन् मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हंजी दाखला लागायचा तो शिक्क्याबिगर लागलाच. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, मी तुमच्या म्हशींसाठी, आन् मजा तिसऱ्यानं केली. मला परत पाठवलं तर मी येईन. धार काढीन, डेअरीला दूध घालीन. पण डोळा गेला तर तो मी कुठल्या बाजारातनं आणू? तुम्ही उस्ताद आहात. ते कुणी काढून घेत नाही. बाकीचं खरं बोला.

अनिस

*

न्हावरे,
२३ मार्च २०००

अनिस,

शाकीर दहा तारखेला आला. तुझं पत्र घेऊन निखत गुऱ्हाळावर गेली, डबा द्यायच्या निमित्तानं. वाचून दाखवलं. म्हणाली, अब्बांनी वरचं, तू मला लिहिलेलंही ऐकलं आणि नऊ महिन्यांचं ते परत वाचायला लावलं. डबा तसाच परत आला.

सोळा तारखेला शंकररावानं सगळ्यांना ट्रॉलीतून कचेरीत आणलं, त्याच कपड्यांत. पेट्या दिल्या नाहीत. मुद्दाम. बाकावर बसले तर चिकटायचे, उठताना आवाज व्हायचा, शिपाई नाक मुरडून लांब सरकला. माझ्या आईनं घरातले होते नव्हते तेवढे धुतलेले कपडे गाठोड्यात नेले होते. चाचांना आप्पांचा सदरा दिला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. आप्पा म्हणाले, "मेहमूदभाई, लगीन हाय का कुणाचं?" चाचा म्हणाले, "व्हय. तुमचंच."

आत एकेकाला बोलावलं. चाचांबरोबर मला बसू दिलं, दिसत नाही म्हणून. साहेब तेच. तोच प्रश्न. चाचांनी आखूड बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाले, "मागल्या खेपंला मी सांगितलं ते अर्धं सांगितलं. मी उस्ताद हाय, ते लिवलंय ना? ते खोडू नका. त्याच्याखाली लिवा, बांधलेला बी हाय. दोन्ही खरंय." मग सगळं सांगितलं. शब्द कसा दिला, पेट्या, शुक्रवार, डोळा, टायर.

अंगठा घ्यायची वेळ आली. कारकुनानं घेतला तर कागदावर नुसता काळा डाग. तो म्हणाला शाई जास्त झाली. पुसून परत घेतला, परत डाग. तिसऱ्यांदा तो वैतागला, "आजोबा, नीट दाबा की." साहेब उठले. चाचांचा हात धरून खिडकीपाशी उजेडात नेला. अंगठा उलटा करून बघितला.

"रेषा कुठायत?"

चाचा म्हणाले, "पाकात."

साहेबांनी कारकुनाकडून कागद घेतला. मग जाग्यावर येऊन त्यांनी स्वतः लिहिलं, डागाच्या खाली. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

उस्ताद काय बोलले हे बाहेर कळलं. नऊ जण त्यांच्यासारखं बोलले. तीन जण अजूनही खुशीनंच आहेत. म्हाळसाचा नवरा बोलला, पण ती त्याच्याशी अजून बोलत नाही. अकरा दाखले निघाले. संध्याकाळच्या आत पोलिसांसमोर पेट्या बाहेर आल्या. चाचांची उघडली तर ईदच्या कपड्यांत उंदरांनी घर केलेलं, टोपी कुरतडलेली. त्यांनी टोपी झटकली आणि तशीच घातली.

गुऱ्हाळ बंद पडलेलं नाही. दुसरा गुळव्या आलाय, दुसरी माणसं आलीत. परवा त्या रस्त्यानं गेलो तर टायरचा तोच वास. सायकल थांबवून बांधावर बसलो. सणसवाडीत मला गेटवरच सांगितलं, आता नवं कार्ड नाही. ठेकेदाराला पेपर वाचता येतो.

ऑपरेशन अठ्ठावीसला आहे, शिरूरलाच. डावा गेला. उजवा राहील असं डॉक्टर म्हणतात. शंकररावाचा मेव्हणा चाचीच्या दारात येऊन गेला, "पोरगं परत येतंय बघा." चाची म्हणाल्या, "येऊ दे. म्हशी वाट बघत्यात."

दाखला चाचांनी पिठाच्या डब्यात ठेवलाय. दिसत नाही तरी रोज एकदा हात घालून बघतात. तुझं काय झालं ते लिही.

संघर्ष

*

दम्माम,
१४ एप्रिल २०००

संघर्ष,

आज तुमची जयंतीची मिरवणूक असेल. जनरेटरच्या गाड्याला दोन वर्षं माझा खांदा नाही, यंदा कोण ढकलतोय?

तुझं पत्र येण्याआधीच मी गेलो होतो. शाकीर गेल्यावर दुसऱ्या बुधवारी. मी, मुख्तार आन् अजून पाच जण. मुख्तारला दोघांनी धरून लेबर ऑफिसच्या जिन्यावर चढवलं. तिथं बसलेला तोच साहेब, नोव्हेंबरचा. मला ओळखलं त्यानं. म्हणाला, "तू तर म्हणाला होतास सब ठीक है." मी म्हणालो, अर्धं म्हणालो होतो. अब्बांचं वाक्य मला तवा माहीत नव्हतं, तरी तेच तोंडात आलं. तुझ्या पत्रात वाचलं तवा मी खाटेवरनं उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

तक्रार लिहून घेतली. त्या दिवसापासून आम्हा सात जणांना कामावर घेत नाहीत. खोलीत बसवून ठेवलंय. एकदा सांगतात पगार देऊन पाठवू, एकदा सांगतात बिनपगारी विमानात घालू. फोरमन आता आमच्याकडं बघून नाकाला रुमाल लावतो, मुख्तारकडं बघून लावायचा तसा. लावू दे. नांदेडवाल्याला मी सांगितलं, ते पेपरातलं नाव माझ्या बापाचंच होतं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, गाढवा."

एक काम कर. अब्बांच्या त्या दाखल्याची झेरॉक्स काढ आन् मला पाठव. इथं सुनावणीला त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी पाठव. बापाचा कागद पोराला लागतो. डबा उघडायच्या आधी या वेळी त्यांना विचार.

ड्राफ्ट येणार नाही, अम्मीला खरं सांग. दर शुक्रवारी मी कॅम्पात माणसांचे केस कापतो, एका डोक्याचे तीन रियाल. ज्याच्याकडं नसतात त्याचेही कापतो. एकवीस जणांनी दिले. नांदेडवाला उद्या सुटतोय, गावी पोचला की मनीऑर्डर करेल. त्यातनं झेरॉक्स, पोस्ट आन् अब्बांना ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. शंकररावाला त्यातला एक पैसा नको. रुपये होतात सातशे तीस.

अनिस